एजंट क्षमस्व : कोथरूडमधील सदनिका विक्रीच्या प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

रामनवमीचा सुंठवडा वाटून झाल्यावर आईने स्वतःच विषय काढला, भावाशी आणि बहिणीशी फोनवर बोलणे झाले आणि कोथरूडची सदनिका विकायचे ठरले. इमारत १९९८ची, आपले घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि आईचे वय ७८. डिसेंबरपासून ती जिना उतरून दोनदाच खाली आली आहे आणि दोन्ही वेळा दवाखान्यात जाण्यासाठी. विक्रीनंतर ती माझ्याकडे राहील.

एजंट ठेवायचा नाही, हा निर्णय माझा. आमच्या भागात पुनर्विक्रीच्या व्यवहारात विकणाऱ्याकडून दोन टक्के आणि घेणाऱ्याकडून दोन टक्के मागण्याची पद्धत आहे. मनात धरलेल्या किमतीवर आमच्या बाजूचेच दीड लाखाच्या पुढे जातात आणि वर वस्तू व सेवा कर वेगळा. मी तीस वर्षे एका कारखान्याच्या खरेदी विभागात काढली असल्यामुळे कागद, दर आणि घासाघीस यांची सवय आहे. प्रत्येक मोठ्या खरेदीची वही ठेवायची माझी रीत होती. ही वही प्रथमच विक्रीची आहे.

९ एप्रिल

आज फक्त कागद काढले. बाबांनी सगळे एका हिरव्या रेक्झिनच्या पिशवीत ठेवले होते आणि २०१६मध्ये ते गेल्यानंतर त्या पिशवीला फारसे कोणी हात लावलेला नव्हता. मिळाले ते असे : बिल्डरबरोबरचा १९९८चा नोंदणीकृत करारनामा, त्याची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा), सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, आणि २०१७मध्ये आम्ही तिघा भावंडांनी आईच्या लाभात करून दिलेले हक्कसोडपत्र.

या शेवटच्या कागदाबद्दल थोडे लिहून ठेवते, कारण तो नसता तर विक्री इथेच थांबली असती. बाबांनी सोसायटीत आईचे नामनिर्देशन केले होते आणि आमच्या बऱ्याच नातेवाइकांची अजूनही अशी समजूत आहे की ज्याचे नॉमिनेशन त्याचे घर. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने सोसायटीपुढे उभी असते, मालकी वारसाहक्काने ठरते. त्यामुळे आई, मी, भाऊ आणि बहीण असे चौघे वारस होतो आणि आम्हा तिघांचा हक्क नोंदणीकृत दस्ताने सोडल्यावरच आई एकटी मालक झाली. तेव्हा त्याला २०० रुपयांचा मुद्रांक लागला होता. ऑक्टोबर २०२४पासून तो ५०० झाला आहे. भाऊ तेव्हा सुट्टी काढून नाशिकहून आला होता आणि एका सहीसाठी एवढी यातायात कशाला म्हणून कुरकुरला होता, हेही नोंदवून ठेवते.

१४ एप्रिल

किंमत. संकेतस्थळांवर आमच्याच गल्लीतल्या तशाच घरांना ९८ लाख, एक कोटी पाच लाख असे आकडे लावलेले दिसतात. ते मागणीचे आकडे आहेत. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांतला फरक बाजारात कांदे घेणाऱ्यालाही ठाऊक असतो, पण घर विकायला निघालेला माणूस तो विसरतो.

मिळालेला भाव नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये कोणालाही बघता येतो. गाव कोथरूड, वर्ष आणि सर्व्हे क्रमांक भरला, चित्रातली वेडीवाकडी अक्षरे चार वेळा चुकवली, आणि पाचव्या वेळी यादी उघडली. प्रत्येक दस्ताच्या सूची दोनमध्ये वरच्या बाजूला विलेखाचा प्रकार, त्याखाली मोबदला, त्याखाली बाजारभाव आणि पुढे मिळकतीचे वर्णन व क्षेत्रफळ असते. शेजारच्या तीन सोसायट्यांतील गेल्या दोन वर्षांची अकरा खरेदीखते आणि करारनामे काढून कागदावर तक्ता केला. लिफ्ट नसलेल्या इमारतींत वरच्या मजल्यांचे व्यवहार बांधीव चौरस फुटाला ९,३०० ते १०,१०० रुपये या दरम्यान झाले आहेत. आमच्या करारनाम्यात बांधीव क्षेत्र ७९ चौरस मीटर, म्हणजे ८५० चौरस फूट लिहिले आहे. म्हणजे ७९ ते ८६ लाख. एक कोटी हा आकडा मी आईच्या डोक्यातून आजच काढला. तिला वाईट वाटले.

रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याचे, दर १ एप्रिलपासून बदलले आहेत, तेही पाहिले. त्यानुसार निघणारे मूल्य आमच्या अपेक्षेपेक्षा बरेच खाली आहे, त्यामुळे मुद्रांक शुल्क प्रत्यक्ष किमतीवरच लागेल. मागणी ८९ लाख ठेवायची आणि ८३च्या खाली जायचे नाही, असे ठरवून तो आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला, म्हणजे ऐन वेळी मन विरघळले तरी पान तसेच राहील.

२२ एप्रिल

जाहिरातीचा मजकूर तयार केला. चटई क्षेत्र मी स्वतः टेपने मोजले, ते ६४० चौरस फूट भरले आणि तेच लिहिले. “तिसरा मजला, लिफ्ट नाही” हे दुसऱ्याच ओळीत घातले. भावाचे म्हणणे पडले की हे आधी कशाला सांगायचे; माझे म्हणणे असे की जिना चढून वर आलेल्या माणसाला ते कळणारच आहे आणि तोपर्यंत माझा रविवार गेलेला असेल. शेवटी वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातींच्या जुन्या रिवाजाप्रमाणे “एजंट क्षमस्व” हे दोन शब्द घातले. मजकूर एका वृत्तपत्राला आणि दोन संकेतस्थळांना दिला, आणि सचिवांची परवानगी घेऊन फाटकापाशी एक पाटीही लावली.

४ मे

बारा दिवसांत ४१ फोन आले, त्यांतले २७ एजंटांचे होते. “क्षमस्व” या शब्दाचा अर्थ त्यांच्या लेखी “प्रयत्न करून पाहा” असा असावा. संवाद ठरलेला असतो : “ताई, पार्टी तयार आहे, फक्त एकदा फ्लॅट बघू द्या.” पार्टीचे नाव आणि बँकेचे मंजुरीपत्र विचारले की फोन ठेवला जातो. एक जण स्वतःच ग्राहक म्हणून घर पाहून गेला आणि तिसऱ्या दिवशी माझेच फोटो ९९ लाखांच्या भावाने दुसऱ्या नावाखाली झळकले. संकेतस्थळाकडे तक्रार केल्यावर ती जाहिरात सहा दिवसांनी उतरली.

मात्र कोपऱ्यावरच्या एका वयस्कर एजंटाने चहा पिताना एक गोष्ट फुकट शिकवली, ती इथे कृतज्ञतेने लिहिते. ते म्हणाले, “घर दाखवायच्या आधी कर्ज किती बसतंय ते विचारा. पसंती सगळ्यांचीच असते.” त्या दिवसापासून फोनवरचा माझा पहिला प्रश्न तोच आहे आणि येणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली आहे.

१८ मे

आतापर्यंत नऊ कुटुंबांनी घर पाहिले. एका गृहस्थांनी ८८ लाखांना होकार दिला, पण त्यांतले तीस लाख रोख. मी नकार दिला. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याच्या कलम २६९एसएसने निषिद्ध आहे आणि घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. येथे घेणारी आई आहे. ते गृहस्थ जाताना म्हणाले, “असा कडक स्वभाव असेल तर घर विकलं जाणार नाही.”

२५ मे

आज एक तरुण जोडपे आले. ती शिक्षिका, तो संगणक क्षेत्रात. कर्जाची पूर्वमंजुरी ६६ लाखांची आणि मंजुरीपत्र बरोबर आणलेले. त्यांनी नळाला पाणी किती वाजता येते इथपासून चौकशी केली आणि शेवटी कोथरूडात हल्ली प्रत्येक जण विचारतो तो प्रश्न विचारला : “काकू, सोसायटी पुनर्विकासाला कधी जाणार?”

या प्रश्नावर विकणाऱ्याला खोटे बोलण्याचा मोह सर्वांत जास्त होतो, कारण होणाऱ्या वाढीव क्षेत्राच्या आशेवर दहा लाख सहज चढवता येतात. मी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत पुढे ठेवली. त्यात पुनर्विकासाची शक्यता तपासावी एवढाच ठराव आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालील ४ जुलै २०१९च्या शासन निर्देशांप्रमाणे प्रकल्प सल्लागार नेमणे, व्यवहार्यता अहवाल, निविदा, सभासदांची ५१ टक्के संमती आणि विकसकाची निवड ही सगळी वाट अजून चालायची आहे. “होईल तेव्हा होईल, त्याचा पैसा मी तुमच्याकडून घेत नाही,” असे आई मध्येच म्हणाली. मला ते वाक्य घासाघिशीच्या दृष्टीने महाग वाटले, पण त्या मुलीचा चेहरा त्यानंतर मोकळा झाला.

पार्किंगबद्दलही त्यांना स्पष्ट सांगितले. खालची स्टिल्टमधली जागा बिल्डरने बाबांना एका पत्राने दिली होती. परंतु अशी जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१०चा निकाल आहे. आज ती जागा सोसायटीच्या वाटपाने आमच्याकडे आहे आणि पुढील वाटप सोसायटीच करील. म्हणून करारात पार्किंग विकले असे लिहायचे नाही.

३ जून

तीन बैठकांनंतर ८४ लाखांवर सौदा ठरला. शेवटचा एक लाख आईने सोडला. मी वहीचे शेवटचे पान उघडून पाहिले, आम्ही अजून रेषेच्या वर होतो. आज एक लाखाचा धनादेश घेऊन इसार पावती केली. तिच्यात किंमत, नव्वद दिवसांची मुदत, कर्ज नामंजूर झाल्यास पूर्ण रक्कम परत, आणि दोन्ही बाजूंपैकी विनाकारण कोणी फिरले तर काय, एवढे चारच मुद्दे आहेत. व्यवहाराचा मसुदा वकिलांकडून करून घ्यायचा हे मी पहिल्या दिवसापासून ठरवले होते. एजंट टाळणे आणि वकील टाळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी केली असती तर तो आगाऊपणा ठरला असता.

९ जून

अडले. खरेदीदारांच्या बँकेने मूळ करारनाम्याबरोबर १९९८च्या नोंदणीची मूळ पावती मागितली आणि ती हिरव्या पिशवीत नाही. करारनामा मूळ आहे, त्यावर शिक्के आहेत, सूची दोन आहे. तरीही पावती हवीच, कारण त्याच मिळकतीवर दुसरीकडे कागद गहाण नाहीत याची खात्री त्यांना त्या पावतीने पटते. कपाटे, माळा, बाबांची बँकेची जुनी खाती, सगळे पाहिले. मग जे करायचे असते ते केले : पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवल्याची नोंद, वकिलांमार्फत वृत्तपत्रात जाहीर नोटीस, आईचे प्रतिज्ञापत्र आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित नक्कल. नक्कल मिळायला अकरा दिवस लागतील, असे तिथे सांगितले. खरेदीदारांच्या वकिलांनी हक्कतपासणीसाठी पंधरा दिवसांची वेगळी नोटीस दिलीच होती, त्यामुळे ते दिवस समांतर जातील.

एजंट असता तर पावती आहे का, हे त्याने मला ९ एप्रिललाच विचारले असते. दोन टक्के त्याचेच असतात. कागदांची यादी करताना माझ्याकडे जे आहे त्याची यादी केली, जे हवे त्याची केली नाही. ही माझी चूक.

१३ जून

दुसरे विघ्न आईच्या पॅनचे. ते आधारशी जोडलेले नव्हते. ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्यांना त्यातून सूट आहे, आई ७८ वर्षांची. पॅन निष्क्रिय असताना विक्री झाली असती तर खरेदीदारांना एक टक्क्याऐवजी वीस टक्के कर कापावा लागला असता, म्हणजे ८४,००० रुपयांऐवजी १६ लाख ८० हजार. विलंब शुल्काचे १,००० रुपये भरून अर्ज केला.

२४ जून

बँकेचे मूल्यांकनकार २० तारखेला येणार होते, पण त्या दिवशी पालख्या पुण्यात आल्या आणि रस्ते बंद असल्याने ते आज आले. तरुण माणूस, बूट बाहेर काढून आत आला, लेझरचा लाल ठिपका भिंतीवर ठेवून दहा मिनिटांत सहा मापे घेतली आणि बाल्कनीत थांबला. २००३मध्ये पावसाची झड आत येते म्हणून बाबांनी ती सरकत्या काचांनी बंद करून हॉलला जोडली होती. त्याने मंजूर नकाशा उघडला, त्यावर बाल्कनी उघडी होती. “हे क्षेत्र मी धरू शकत नाही,” एवढेच तो म्हणाला आणि आईने दिलेला चहा पिऊन गेला.

३० जून

मूल्यांकन ७९ लाख आले. या आकाराच्या कर्जाला मूल्याच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे आणि करारातली किंमत व मूल्यांकन यांतील कमी तो आकडा बँक धरते. म्हणून ६६ऐवजी ६३ लाख २० हजारच मिळणार. खरेदीदारांना २ लाख ८० हजार रुपये अधिक उभे करावे लागतील. त्यांनी किंमत कमी करण्याबद्दल हळूच विचारले. मी नाही म्हटले, परंतु त्या रकमेसाठी चार आठवडे अधिक दिले. पॅन सक्रिय झाल्याचा संदेश आज आला.

११ जुलै

सोसायटी. आईने हस्तांतराच्या इराद्याची पंधरा दिवसांची सूचना जूनमध्येच दिली होती. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतराला सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची गरज नसते, पण बँकेला तो लागतो आणि समितीला ते ठाऊक असते. समितीने इमारत निधीसाठी “ऐच्छिक देणगी” म्हणून एक लाख रुपये सुचवले. ९ ऑगस्ट २००१च्या शासन परिपत्रकाने महापालिका क्षेत्रात हस्तांतर अधिमूल्याची (ट्रान्सफर प्रीमियमची) कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे आणि त्यापलीकडे देणगीच्या नावाखालीही काही घेता येत नाही. हे मी लेखी आणि अत्यंत सभ्य भाषेत कळवले, खाली “आपली सव्वीस वर्षांची शेजारीण” अशी आईची सही घेतली. आज दाखला मिळाला. २५,००० अधिमूल्य आणि ५०० हस्तांतर शुल्क धनादेशाने दिले, पावती घेतली. पावती हा शब्द आता मला अधोरेखित करूनच लिहावासा वाटतो.

२८ जुलै, सोमवार

करारनाम्याची नोंदणी झाली. खरेदीदार म्हणून केवळ पत्नीचे नाव आहे, पती कर्जात सहअर्जदार आहे. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभारांसह सात टक्के पडते. खरेदीदार फक्त स्त्री असेल तर निवासी घराला एक टक्का सवलत मिळते. त्यांचे ८४,००० रुपये वाचले. पाच लाख चार हजार मुद्रांक शुल्क आणि ३०,००० नोंदणी फी त्यांनी ऑनलाइन भरली. दस्ताची माहिती संगणकावर आधीच भरून वेळ घेतली होती, तरी आम्ही अकराला गेलो आणि पावणेतीनला सुटलो.

वृद्धांसाठी गृहभेटीची सोय असते, पण आईने ऐकले नाही. घर माझे आहे, मीच जाऊन देईन, म्हणाली. शेजारच्या दोन मुलांनी तिला खुर्चीवर बसवून खाली उतरवले. कार्यालयात तिचा अंगठा यंत्र घेईना. आयुष्यभर भांडी घासलेल्या हाताच्या रेषा पुसट झालेल्या असतात, हे तिथल्या लिपिकाला माहीत होते. त्याने ओला रुमाल दिला, अंगठा पुसायला लावला, मग कपाळावरून एकदा फिरवायला सांगितला आणि चौथ्या वेळी ठसा उमटला.

पैशाची मांडणी अशी झाली : इसार एक लाख, आज आरटीजीएसने १८ लाख ९६ हजार, खरेदीदारांनी कापलेला कर ८४ हजार आणि बँकेकडून येणार ६३ लाख २० हजार. कापलेला कर सरकारात भरण्याचा फॉर्म २६क्यूबी त्यांनी संध्याकाळीच भरला. इसार जूनमधला होता, त्यामुळे त्याच्यावरच्या कराची मुदत ३० जुलैला संपत होती. दोनच दिवस हाताशी होते.

३ सप्टेंबर

आईच्या आग्रहाने दीड दिवसाचा गणपती शेवटचा त्याच घरात बसला. आज खरेदीखत झाले, ६३ लाख २० हजारांची पे ऑर्डर हातात आली आणि मूळ कागदांची हिरवी पिशवी बँकेच्या माणसाने यादी करून घेतली. रेक्झिनची पिशवी मात्र त्याने परत दिली. ताबा लगेच द्यायला मी तयार होते, पण सोमवारपासून पितृपक्ष लागतो. व्याज चालू झाले तरी चालेल, ताबा घटस्थापनेलाच घेऊ, असे खरेदीदार मुलीची आई म्हणाली.

१० सप्टेंबर

कराचे गणित सनदी लेखापालांनी मांडले. बाबांची खरेदी १ एप्रिल २००१पूर्वीची असल्याने त्या तारखेचे मूल्य धरता येते, ते नोंदणीकृत मूल्यांककाने ८ लाख ९० हजार काढले. २३ जुलै २०२४पूर्वी घेतलेल्या घराला दोन पर्याय आहेत. महागाई निर्देशांक लावला, यंदाचा ३७६, तर किंमत ३३ लाख ४६ हजार होते आणि उरलेल्या ५० लाख ५४ हजारांवर वीस टक्के म्हणजे सुमारे १० लाख ११ हजार. निर्देशांक न लावता ७५ लाख १० हजारांवर साडेबारा टक्के म्हणजे सुमारे ९ लाख ३९ हजार. जुन्या घराला निर्देशांकच फायद्याचा, असे मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होते. आई दुसरे घर घेणार नसल्याने आयकर कायद्याच्या कलम ५४ईसीखालील कर वाचवणाऱ्या रोख्यांत ५० लाख सहा महिन्यांच्या आत गुंतवायचे, पाच वर्षे ते अडकतील. मग उरलेल्या २५ लाख १० हजारांवर साधारण ३ लाख १४ हजार आणि उपकर.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

ताबा दिला. वीजमीटरचे वाचन खरेदीदार मुलीने आणि मी मिळून पाहिले आणि ताबा पावतीवर लिहिले. महावितरण, गॅस आणि महापालिकेचा मिळकत कर यांचे नावबदलाचे अर्ज आईच्या सह्या घेऊन त्यांच्या हवाली केले, आणि स्वतः राहणार असाल तर मिळकत करातील ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरायला विसरू नका, असे बजावले. फाटकाची पाटी काढताना मागे गंजलेली तार राहिली, ती पक्कड आणून कापली.

उरलेली कामे : खरेदीदारांकडून कर कापल्याचे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म १६बी मागवणे, आईच्या पॅनवरच्या कराच्या उताऱ्यात म्हणजे २६एएसमध्ये ८४,००० उमटले का पाहणे, रोख्यांचा अर्ज.